टँकर उलटला, वास सुटला: बंब येईपर्यंतचा अर्धा तास

प्रश्न निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा: "आमचं गाव हायवेला लागून आहे. अधूनमधून टँकर कलंडतो. गावातली पोरं बादल्या-फावडी घेऊन धावतात. बंब यायला अर्धा तास जातो. तोवर पाणी मारायचं की माती टाकायची? गावात काय सामान ठेवावं? आणि आम्ही सीमेवरचे, फोन कर्नाटकात करायचा की महाराष्ट्रात?"

आधी अग्निशमन दल आणि मग कारखान्यांतलं सुरक्षेचं काम, अशी माझी तीस वर्षं गेली. त्यातली बरीचशी बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी याच पट्ट्यात. "पाणी की माती" याचं उत्तर मला एका गुऱ्हाळावर मिळालं, तेही चुकीचं उत्तर देऊन झाल्यावर. म्हणून तिथूनच सुरू करतो.

एप्रिलअखेरचा वळीव होता. गुऱ्हाळाचा हंगाम संपत आला होता. शेडच्या कोपऱ्यात हायड्रोचा पन्नास किलोचा ड्रम, अर्धा वापरलेला, झाकण नुसतं वर ठेवलेलं. हायड्रो म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून टाकतात ती पांढरी पूड. खाणाऱ्याच्या दृष्टीने तो वेगळाच विषय, आज सोडून देऊ. पत्रा गळत होता, थेंब ड्रममध्ये पडत राहिले. आधी वास आला, काडेपेटीची काडी नाकाशी ओढल्यासारखा. मग धूर. मालकाने हौदातली एक बादली पाणी ड्रममध्ये ओतलं. पुडीने फुस्स केलं, उकळल्यासारखी वर आली आणि पेटली. शेजारी चिपाडाची गंजी.

आम्ही पोचलो तेव्हा मालकाचा हात भाजलेला होता आणि तो एकच सांगत होता, "पाणी नको, पाण्यानंच पेटलंय." मलाही ते पटलं. प्रशिक्षणात शिकवलेलं होतं, पाण्याने भडकणाऱ्या मालावर कोरडी वाळू. शेडमागे बांधकामाची वाळू होती, दोन-चार पाट्या टाकल्या. आग दिसेनाशी झाली. मी हातमोजे काढले. दहा मिनिटांनी वाळूच्या ढिगातून पिवळसर धूर यायला लागला, डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना. आणखी वाळू टाकली, धूर दुसरीकडून आला. वायरलेसवर वरिष्ठांना माल सांगितला. ते दोनच शब्द बोलले: "बुडवा त्याला."

हायड्रोला जळायला बाहेरची हवा लागत नाही. त्याच्या विघटनातच उष्णता निघते, सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि ते स्वतःला तापवत राहतं. वाळूखाली दाबलं तर उष्णता आत कोंडते, एवढंच. बादलीभर पाणी त्याला पेटवायला पुरतं, थंड करायला पुरत नाही. त्याला लागतं पूर, एवढं पाणी की तापायला सवडच मिळू नये. वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहून, पाठीवर हवेचे सिलिंडर लावून, आम्ही दोन होज लावले आणि ढीग अक्षरशः वाहवला. पाणी विहिरीकडे जाऊ नये म्हणून आधी फावड्याने चर काढून ते एका खड्ड्यात घेतलं. वीस मिनिटांत खेळ आटपला. या मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक १३८४. पाण्याने भडकणाऱ्या मालासाठी जी सूचना असते तिच्याखालीच या क्रमांकाचा अपवाद छापलेला असतो: भरपूर पाणी वापरा, गुदमरवून विझत नाही. मी नियम पाठ केला होता, अपवाद वाचला नव्हता.

आता हेच सल्फॉसला लावून बघा. धान्याच्या आणि तंबाखूच्या वखारीत कीड मारायला ज्या गोळ्या ठेवतात त्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइड. त्यावर पाणी पडलं की फॉस्फिन सुटतो, जीवघेणा आणि स्वतःहून पेटू शकणारा. तिथे पाणी वर्ज्य, कोरडी वाळू किंवा कोरडी पावडर. बेळगावच्या उद्यमबागमधल्या फाउंड्रीत ओतीव लोखंड सांडलं तर ओली वाळूसुद्धा नको. खाली कोंडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि लोखंड छतापर्यंत उडतं. तीव्र गंधकाम्लाच्या डबक्यात बादली ओतली तर ते उसळून तुमच्याच तोंडावर येतं. पण तेच ॲसिड माणसाच्या अंगावर पडलं असेल तर नळाखाली वीस मिनिटं, पाणी हात न आखडता. क्लोरीनच्या गळक्या सिलिंडरवर पाणी मारलं तर ओल्या क्लोरीनने लोखंड खाल्लं जातं आणि भोक मोठं होतं. अमोनियाच्या ढगावर बारीक फवारा मारला तर तो वायू शोषून घेतो, पण जमिनीवर साचलेल्या थंडगार द्रव अमोनियात पाणी घातलं की त्याला ऊब मिळते आणि तो जास्तच उकळतो.

म्हणजे "पाणी की माती" याच्या आधी एक प्रश्न उभा असतो: आत आहे काय? त्या अर्ध्या तासात गावाने करायचं सगळ्यांत मोलाचं काम हेच. लांबून वाचायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि वाचलेलं फोनवर नीट सांगायचं. विझवणं हे तुमच्या यादीत जवळजवळ नाहीच.

वाचायचं कुठे, तर टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे असलेल्या पाटीवर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे घातक माल नेणाऱ्या गाडीवर ती सक्तीची आहे. डावीकडे वर एक सांकेतिक अक्षरसमूह, त्याखाली चार आकडी क्रमांक, बाजूला चौकट तिरकी धरून काढलेलं धोक्याचं चिन्ह, आणि खाली मदतीचा फोन. चार आकडे म्हणजे मालाचं जगभर चालणारं नाव. आपल्या रस्त्यावर नेहमी दिसणारे सांगतो: १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, ११७० इथेनॉल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० गंधकाम्ल, १७८९ हायड्रोक्लोरिक ॲसिड, १८२४ कॉस्टिक सोड्याचं द्रावण. हे नऊ आकडे लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले तरी हायवेचा बहुतेक कारभार त्यात आला.

वरची अक्षरं बंबवाल्यांसाठी असतात, पण तुम्हालाही वाचता येतात. पेट्रोलवर "३वायई" असतं. पहिला आकडा विझवायचं साधन सांगतो: १ म्हणजे पाण्याचा जाड फवारा, २ बारीक फवारा, ३ फोम, ४ कोरडी पावडर. मधलं अक्षर पी, आर, एस, टी यांपैकी असेल तर सांडलेला माल भरपूर पाण्याने पातळ करून वाहवता येतो. डब्ल्यू, एक्स, वाय, झेड असेल तर तो अडवून ठेवायचा, गटारात जाऊ द्यायचा नाही. शेवटी "ई" दिसला की आजूबाजूची वस्ती हलवायचा विचार करा. गंधकाम्लावर "२पी" असतं, ई नाही. एलपीजीवर "२वायई". एवढ्या तीन खुणांत अर्धी गोष्ट सांगून होते.

एक खबरदारी. पाटीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चिखलाने माखलेली, अर्धी खरवडलेली, मागच्या खेपेचीच राहिलेली पाटी मी अनेकदा पाहिली आहे. चालक शुद्धीवर असेल तर पहिलं त्याला विचारा. तो तमिळ बोलो की हिंदी, मालाचं नाव त्याला माहीत असतं, आणि केबिनमध्ये मालाची बिलं व आपत्कालीन सूचनांचं कार्ड असतं. ते कार्ड घेऊन आलेला चालक मला दहा माणसांच्या बरोबरीचा वाटतो.

पाटी वाचायला जवळ जायचं नाही. मोबाइलचा कॅमेरा झूम करून लांबून फोटो काढा, नंतर मोठा करून बघा. मात्र पेट्रोलचा किंवा गॅसचा वास जिथे येतो तिथे मोबाइल खिशातून काढायचाच नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, वासाच्या बाहेर येऊनच. किती लांब? काय आहे ते कळत नसेल तर निदान १०० मीटर, म्हणजे आपल्याकडच्या विजेच्या खांबांचे साधारण दोन गाळे. जुने लोक आणखी एक खूण सांगतात: हात लांब करून अंगठा उभा धरा, अख्खा टँकर अंगठ्याआड झाकला गेला नाही तर अजून मागे सरका.

आणि वारा. आपल्याकडे पावसाळ्यात तो बहुतेक पश्चिमेकडून, घाटाकडून येतो. थंडीत बरेचदा पूर्वेकडून. पण त्या क्षणी अंदाज नको, बघा. उसाला तुरा असेल तर तो कुठे झुकतो, चुलीचा धूर कुठे जातो, मूठभर माती सोडली तर कुठे पडते. पळायचं ते वाऱ्याला आडवं आणि मग वरच्या अंगाला. वाऱ्याबरोबर पळणारा माणूस ढगाच्याच पुढे पळत असतो. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, एलपीजी दीडपटीहून जास्त. दोन्ही पाण्यासारखे उताराने वाहतात आणि सरीत, नाल्यात, विहिरीत, पुलाखाली बसतात. घाबरून उसात शिरून बसणं म्हणजे त्याच सरीत जाऊन बसणं. वर चढा, माळावर, बांधावर, नसेल तर पक्क्या घराच्या वरच्या मजल्यावर.

अमोनियाबद्दल एक गैरसमज आहे: हलका वायू, वर उडून जाईल. उबदार झाल्यावर जातो खरा. पण दाबाखालचा द्रव बाहेर पडला की पांढरं धुकं होतं, ते इतकं थंड असतं की बराच वेळ जमिनीलगतच राहतं. दुधाचं शीतकरण केंद्र, बर्फाचा कारखाना, कोल्ड स्टोरेज यांच्या शेजाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. अशाच एका ठिकाणी व्हॉल्व्हची पॅकिंग गेली तेव्हा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे फक्त ऑपरेटरला ठाऊक होतं आणि ऑपरेटर चहाला गेला होता. आत अडकलेल्या एका मावशींनी पदर ओला करून नाकाला धरला, जमिनीवर बसल्या नाहीत, भिंत धरून मागच्या दाराने वाऱ्याच्या उलट अंगाला निघाल्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो म्हणून ओल्या कापडाने दोन मिनिटं मिळतात, बाहेर पडण्यापुरती. तेच कापड घेऊन कुणी व्हॉल्व्ह बंद करायला आत गेला असता तर त्याला आम्हीच उचलून आणला असता.

घरात असाल आणि बाहेर विषारी वायू असेल, पळायला वाट नसेल, तर दारं-खिडक्या लावा, पंखा-कूलर-एक्झॉस्ट बंद करा, फटींना ओलं कापड लावा, आतल्या खोलीत थांबा. एलपीजी किंवा पेट्रोलच्या वाफा असतील तर मात्र हे उलटं: बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, ठिणगी दोन्ही वेळी पडते. चूल, शेगडी आधीच विझवता आली तर विझवा आणि पायी निघा. गाडीला किक मारू नका. वीज तोडायची असेल तर हेस्कॉमच्या लाइनमनला फोन करून लांबून तोडायला सांगा.

एलपीजीवर थोडा जास्त थांबतो, कारण आपल्या रस्त्यावरची सगळ्यांत मोठी भीती तीच. एका टँकरमध्ये सतरा-अठरा टन गॅस असतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हवेत जेमतेम दोन टक्के मिसळला की पेट घ्यायला तयार. २०१२ च्या ऑगस्टमध्ये केरळात कन्नूरजवळ चाला इथे आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये आपल्याच राज्यात दक्षिण कन्नडमधल्या पेर्णे इथे, दोन्हीकडे टँकर उलटला, गॅस पसरला आणि रस्त्याकडेच्या घरांतली माणसं गेली. टँकर नुसता गळत असेल, पेटलेला नसेल, तर वाऱ्याच्या खालच्या अंगाची वस्ती ८०० मीटरपर्यंत हलवायची. टँकरलाच आगीने घेरलं असेल तर चारी बाजूंनी १६०० मीटर, आणि ही अतिशयोक्ती नाही. आतला द्रव पत्र्याला थंड ठेवतो. पण द्रवाच्या वरचा, नुसत्या वायूचा भाग ज्वाळेत तापला की पोलाद मऊ पडतं आणि टाकी फाटते. कधी पंधरा-वीस मिनिटांतसुद्धा. सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी चढत चालली किंवा टाकीचा रंग बदलला, तर मोजत बसू नका. बंबवाले पाणी मारतात ते याच वरच्या भागावर, आग विझवायला नव्हे. गळती बंद करता येत नसेल तर पेटलेली ज्वाळा आम्ही मुद्दाम जळू देतो. विझवली तर गॅस तसाच पसरतो आणि दुसऱ्या कुठल्यातरी ठिणगीची वाट बघतो. "बंब आला तरी नुसता उभाय" अशी बोंब मी पुष्कळ ऐकली आहे. उभा असतो त्याला कारण असतं.

पेट्रोल-डिझेलचा टँकर पडला की कॅन घेऊन येणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न वाचकाने विचारलेला नाही, पण खरा प्रश्न तोच आहे. २०१७ च्या जूनमध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरचं तेल भरायला लोक जमले, आग लागली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. डिझेलपेक्षा पेट्रोल फार वाईट. त्याच्या वाफा आपल्या कुठल्याही ऋतूत पेटायला तयार असतात आणि उताराने लांबवर जाऊन बिडीला भेटतात. निपाणीचा पट्टा, बिडी सांगायला नको. इथे ओरडायचं ते दोन्ही भाषांत. घाटात वरून येणारा ट्रकवाला कदाचित हुबळीचा असेल, जमलेली गर्दी मराठी. "लांब व्हा, बिडी विझवा" याच्या जोडीला "हत्तिर बरब्याड्री, दूर होग्री, बीडी सेदब्याड्री" एवढं प्रत्येक पोराला यायलाच हवं. देवळाचा किंवा ग्रामपंचायतीचा भोंगा असेल तर तो यासाठी वापरा.

साखर कारखान्यांमुळे इथेनॉलचे टँकर आता आपल्या रस्त्यावर भरपूर. त्याची आग भर उन्हात नीट दिसत नाही. धूर नाही, ज्वाळा फिकट निळी. हवा लहरताना दिसली आणि गवत आपोआप काळं पडत चाललं, तर आग आहे असं धरा. त्याला साधा फोम चालत नाही, अल्कोहोल फोम खाऊन टाकतो. त्यासाठी वेगळा, अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो. म्हणून फोनवर "पेट्रोल" आणि "इथेनॉल" यात घोटाळा नको. चुकीचा फोम घेऊन आलेला बंब परत पाठवण्यात जाणारा वेळ कुणाकडे नसतो.

जखमींचं. वायूतून बाहेर काढलेल्याचे कपडे आधी उतरवा; लाज मागाहून. कपड्यांत भरलेलं रसायन रुग्णवाहिकेत आणि दवाखान्यातही फिरतं. अंगावर ॲसिड किंवा कॉस्टिक असेल तर साधं वाहतं पाणी, पंधरा-वीस मिनिटं, डोळ्यांनाही, पापण्या उघड्या धरून. सोडा, लिंबू, टूथपेस्ट काही लावू नका. ॲसिडवर अल्कली घातली की ती दोघं तिथेच, कातडीवर, तापतात. क्लोरीन छातीत गेलेला माणूस तासाभरात बरा वाटतो, चहा मागतो, घरी जातो म्हणतो. जाऊ देऊ नका. फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं. त्याला टेकून बसवा, चालवू नका आणि रात्रभर दवाखान्यात ठेवा. कीटकनाशक असेल तर डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो डॉक्टरांकडे जायलाच हवा.

पाणी कुठे जातंय तेही बघा. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, सगळ्यांच्या काठी गावांच्या पाणी योजना आहेत. रस्त्यावर वाहणारं रसायन नाल्यात शिरण्याआधी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांबवर, मातीची पोती टाकून बांध घालणं हे गावाला जमण्यासारखं काम आहे आणि तेच आम्हाला हवं असतं. खालच्या गावाच्या पाणीवाल्याला फोन करून पंप बंद ठेवायला सांगा. १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ एका रसायनांच्या गोदामाची आग पाण्याने विझवली. ते विषारी पाणी ऱ्हाइन नदीत गेलं, नदी लाल झाली आणि लांबपर्यंत मासे मेले. त्यानंतर जगभरच्या बंबवाल्यांनी एक कठीण गोष्ट शिकून घेतली: कीटकनाशकांचं गोदाम पेटलं, वस्ती हलवता येत असेल आणि वारा बरा असेल, तर कधी कधी ते जळू द्यावं. आमच्याकडे हे सांगितलं की मालक अंगावर येतो.

आता सामानाचं. वाचक मास्क विचारतात. कोरोनातला किंवा रंगकामाचा मास्क वायूला काडीचाही अडवत नाही, उलट माणसाला पुढे जायचं धाडस देतो. तो घेऊच नका. वीस-पंचवीस रिकामी पोती, चार फावडी, दोन शिट्ट्या, लांब दोर, रस्ता अडवायला लाल कापडं, नऊ आकड्यांचा कागद आणि कुणाच्या घरी अपंग, म्हातारं, बाळंतीण आहे याची यादी. शेवटची वस्तू सगळ्यांत महाग, कारण ती दर सहा महिन्यांनी नव्याने करावी लागते.

गावाजवळ कारखाना असेल तर वेगळं एक काम करा. घातक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने धोक्यांची आणि आपत्कालीन उपायांची माहिती आसपासच्या लोकांनाही द्यायची असते. भोपाळनंतर, १९८७ साली कारखाने कायद्याच्या ४१ब कलमाने हे बंधन आलं. घातक रसायनांच्या साठ्याबाबतच्या १९८९ च्या नियमांखाली मोठ्या साठ्याच्या कारखान्यांसाठी कुंपणाबाहेरचीही योजना असते आणि तिची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. रासायनिक अपघातांबाबतच्या १९९६ च्या नियमांनी जिल्ह्यात आपत्ती गट केला, त्याचे अध्यक्ष डीसी, म्हणजे जिल्हाधिकारी. पीडीओंना, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, घेऊन अर्ज द्या आणि विचारा, आमच्या गावाची तालीम कधी? मी ज्या तालमी बघितल्या त्यांत बहुतेक वेळा सायरन वाजला, फोटो निघाले, जेवण झालं. गावातली माणसं कुंपणाबाहेर उभी राहून बघत होती.

फोनचा प्रश्न सोपा आहे. ११२ दोन्ही राज्यांत चालतो, पण सीमेवरच्या कोगनोळीच्या आसपास मोबाइल कधी पलीकडच्या टॉवरला लागतो आणि फोन महाराष्ट्रात जातो. कापू नका. पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा आणि जवळचा टोलनाका सांगा, तेच पुढे जोडून देतात. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, हायवेची मदत १०३३, घरगुती गॅसची गळती १९०६. पाटीवरचा कंपनीचा फोनही लावा. त्या मालाची खरी माहिती बरेचदा तिथेच मिळते.

बोलायचं कसं, याचा मला आलेला सगळ्यांत चांगला नमुना देतो. वंटमुरी घाटाच्या पायथ्याच्या एका टपरीवर मी तो नऊ आकड्यांचा कागद चिकटवला होता, तेलाच्या डब्याशेजारी. वर्षभराने, रात्री साडेआठला, टपरीवाल्याचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"साहेब, ११२ ला सांगिटलंय, तुमालाबी सांगतो. घाटात टँकर आडवा झालाय, बेळगावकडं जाणाऱ्या अंगाला. पाटीवर बारा-शून्य-तीन, वर तीन-वाय-ई. आग नाही. वास येऊलालाय, तेल उतारानं नाल्याकडं चाललंय. वारा वरनं खाली. ड्रायव्हरला काढलाय, पाय मोडलाय त्याचा. माझा स्टोव्ह विझवलाय. गाड्या दोन्हीकडनं लांब थांबवल्यात, कॅनवाले तिघं आलते, हाकललेत."

मी ताटावरून उठलो, स्टेशनला फोन करून फोमचे जादा कॅन चढवायला सांगितले, आणि आम्ही पायथ्याने न जाता वळसा घेऊन वरच्या अंगाने घाटात उतरलो.